वहिनींचं जांभळं बोट

आमच्या वहिनींसमोर रडायचं असेल तर रुमाल स्वतःचा आणावा लागे. एखादी नर्स वर्गात रडायला लागली आणि तिने टेबलावरचा कापूस उचलून डोळे पुसले, की वहिनी तिचं रडणं संपेपर्यंत शांतपणे थांबत. घाई करत नसत. मग विचारत, "झालं? आता सांग, हा बोळा कुठल्या बादलीत?" पोरगी हुंदके देत पिवळ्या बादलीकडे हात करी. "रक्त लागलंय त्याला? पू लागलाय? नाही ना? मग पिवळी कशाला? रडणं हा साधा कचरा आहे, बाळ. काळ्या पिशवीत टाक." आणि ती बिचारी उठून, सगळ्यांच्या देखत, स्वतःचे अश्रू काळ्या पिशवीत टाकून पुन्हा जागेवर येऊन बसे. बाकीच्या मुली खाली माना घालत. तो नियम मात्र जन्मात कुणी विसरत नसे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. उभी हयात एका मोठ्या रुग्णालयात काढून वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ दादा गेला. दादा गेला तेव्हा त्या रडल्या की नाही हे घरात कुणालाच ठाऊक नाही. रडल्या असल्याच तर कचरा योग्य जागी गेला असणार. दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी मला बोलावून विचारलं, "भाऊजी, तुमची स्कूटर दुपारची काय करते?" मी नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. स्कूटर दुपारी जे करायची तेच मीही करायचो, म्हणजे सावली बघून उभं राहायचं. "काही नाही," मी म्हणालो. "मग उद्यापासून दोघेही या."

मोठ्या रुग्णालयांत नर्सना शिकवायला माणसं नेमलेली असतात. आमच्या सदाशिव पेठेत मात्र एकाच जिन्यावर खाली दवाखाना, वर क्लास आणि त्याच्या वर मुलांच्या खोल्या. त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक नर्स आणि केर काढणाऱ्या एक मावशी, एवढाच संसार. वापरलेली सुई कागदात गुंडाळून टोपलीत गेली, की दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या नाहीतर रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बाईच्या तळहातात निघायची. वहिनींच्या वॉर्डातल्या एका मावशींना तशीच टोचली होती. पुढे त्यांचं काय झालं ते वहिनी सांगत नसत. "काय व्हायचं ते झालं," एवढंच. म्हणून त्यांनी हा उद्योग मांडला होता. चार-सहा दवाखान्यांतल्या नर्सना कुणाच्या तरी वेटिंग रूममध्ये बोलवायचं आणि दवाखान्यातल्या कचऱ्याचं काय करायचं ते शिकवायचं. वर्ग दुपारी एक ते चारमध्ये. त्या वेळात आपल्याकडे आजारी पडायची परवानगी नसल्यामुळे डॉक्टरांचीही हरकत नसे.

शिकवायचं सामान म्हणजे बादल्या. रक्ता-पुवाच्या कापसाला पिवळी, सिरिंज आणि सलाईनच्या नळ्यांना लाल, काचेला निळी, आणि सुया आरपार जाणार नाहीत असा त्यांच्यासाठी पांढरा जाड डबा. हे सगळं एकात एक घालून मी स्कूटरच्या पुढ्यात घ्यायचो आणि मागे वहिनी एका बाजूला पाय सोडून बसायच्या. सिग्नलला शेजारच्या माणसाने एकदा विचारलं, "काका, रंगपंचमी लवकर आली का यंदा?" मी काही बोलायच्या आत मागून उत्तर गेलं, "तुमच्या घरी कुणी शुद्धीवर असेल त्याला विचारा." सिग्नल सुटेपर्यंत तो माणूस समोरच्या पाटीकडे बघत राहिला.

माझं दुसरं काम पेशंट होण्याचं. आता हे सांगायला लाज वाटते, पण मी सुई पाहिली की पडतो. माझ्या मुलाला पहिली लस दिली तेव्हा नर्सने मुलाला बायकोच्या मांडीवर ठेवलं आणि मला टेबलावर झोपवलं. हे माहीत असूनच वहिनींनी मला निवडलं होतं. माझ्या दंडाला रबराचा जाड तुकडा बांधून त्यात मुलींनी सुई खुपसायची. "अभिनय करू नका, भाऊजी. तुमचा चेहरा मुळातच पेशंटचा आहे." पहिल्याच वर्गात मी खुर्चीवरून घरंगळलो. सुई टोचणारी पोरगी सिरिंज टाकून मला धरायला धावली. वहिनींनी तिचा हात मधल्यामध्ये पकडला. "पेशंट कुठे पळून जात नाही. आधी सुई. सुई कटरमध्ये घाल, तोड, सिरिंज लाल बादलीत टाक. हं. आता उचल त्यांना." हे सगळं मी फरशीवरून ऐकत होतो. फरशी गार होती.

पण वहिनींचं खरं वैर एकाच गोष्टीशी होतं. टोपणाशी. इंजेक्शन दिल्यावर सुईवर पुन्हा टोपण चढवायला जायचं आणि नेम चुकून ती आपल्याच डाव्या हाताच्या बोटात घुसवायची, असे अपघात सगळ्यांत जास्त. म्हणून वापरलेली सुई तशीच, उघडी, सरळ कटरमध्ये घालायची. सांगायला सोपं. पण आपल्याकडच्या मुलींना ते जमत नसे, आणि त्याचं कारण त्यांच्या शिक्षणात नव्हतं, घरात होतं. दुधावर झाकण, पिठावर झाकण, तांब्यावर फुलपात्र. उघडं टाकते ती गबाळी, हे आईने, आजीने, आणि लग्न झालं असेल तर सासूने पक्कं करून घेतलेलं. मुलगी जितकी नीटनेटकी, तितका तिचा हात टोपणाकडे लवकर जाई. गबाळ्या मुली पहिल्या दिवशी पास होत. "दूध झाका," वहिनी ओरडत, "ताक झाका, नवऱ्याची लफडी झाका. सुई झाकायची नाही!"

नुसत्या ओरडण्याने सवय जात नाही म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. तोंड आलं की लावतात ते जेन्शन व्हायोलेट, जांभळं औषध. ते वहिनी सरावाच्या टोपणांच्या आतल्या कडेला कापसाने फिरवून ठेवत. जी टोपण लावायला जाई तिचं डावं बोट जांभळं होई. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. स्पिरिटने जरा फिकट होतं, इतकंच. आठवडाभर ते बोट घेऊन बसमधून फिरायचं, मंडईत भाजी निवडायची, दवाखान्यात डॉक्टरांच्या समोर उभं राहायचं. पेठेतल्या इतर नर्सना ते लगेच ओळखू येई. "काय गं, जांभळ्या बाईंकडे जाऊन आलीस वाटतं?" आमच्या वहिनींना त्या सगळ्या 'जांभळ्या बाई' म्हणत. वहिनींना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

याहून वाईट होता तो पराक्रम. वर्ग पुन्हा भरला, की वहिनींचा पहिला प्रश्न असे, "गेल्या वेळेपासून कुणी पराक्रम केला?" म्हणजे खरीखुरी सुई कुणी टोचून घेतली. जिने घेतली असेल तिने पुढे येऊन, सगळ्यांसमोर उभं राहून, कशी टोचली ते करून दाखवायचं. वहिनी मधे मधे तिखटमीठ लावत. "थांब, थांब, पुन्हा दाखव. तेव्हा लक्ष कुठे होतं? मोबाइलमध्ये? काय आलं होतं, गुड मॉर्निंगचं फूल?" मुली हसून लोळत. उभी असलेली हसत नसे. मी एकदा घरी येताना म्हणालो, "वहिनी, जरा जास्त होतं असं नाही वाटत?" मागून आवाज आला, "लाजेने मेलेली नर्स मी अजून पाहिलेली नाही, भाऊजी. सुईने मेलेल्या पाहिल्यात. समोर बघून चालवा."

त्या उत्तरात कुठे चूक आहे ते आम्हा दोघांना रूपालीने दाखवलं.

रूपाली यवतमाळकडची. वय बावीस-तेवीस. नर्सिंगचा कोर्स करून पुण्यात आली होती. दवाखाना पेठेत आणि राहायला खडकीला, कारखान्यात नोकरीला असलेल्या मामाच्या क्वार्टरमध्ये. केस चापूनचोपून, युनिफॉर्मची घडी मोडलेली नाही, चपला दाराबाहेर जोडीने लावलेल्या. मी तिला बघितलं आणि मनात म्हटलं, ही गेली. आणि खरंच, माझ्या दंडातल्या रबरात सुई टोचून झाल्याबरोबर तिने ती अलगद बाहेर काढली, टोपण उचललं आणि इतक्या सफाईने बसवलं, जसा आंब्याच्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा. बोट जांभळं.

"अगं, काय केलंस हे?"

"मले वाटलं, मॅडम, उघडी राहिली तं..."

"मले वाटलं!" वहिनींनी तिचा सूर हुबेहूब उचलला. "तुले वाटलं. आणि सुईले काय वाटलं, ते विचारलंस का?"

वर्गात हशा फुटला. पुण्यात माणसाच्या बोलण्याची अशी नक्कल झाली, की ते माणूस पुढे बरेच महिने बोलत नाही. रूपालीही त्या दिवसानंतर वर्गात शब्द मोजून बोलायची आणि तेही छापील पुस्तकातल्यासारखे. 'मला', 'तुम्हाला', 'आपण'.

त्याच रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. हे आम्हाला नंतर कळलं. मामीने पोहे केले, रूपालीने बशी पुढे केली, आणि मुलाच्या आईने ते बोट पाहिलं. औषध आहे, म्हणून सांगितल्यावर त्या माउलीने विचारलं, "कशावरचं?" आणि मग रूपालीने कितीही समजावलं तरी त्या बाईंच्या डोक्यात एवढंच राहिलं, की मुलीच्या अंगावर कसलं तरी औषध लावतात. नकार आला. दुसऱ्या एका नर्सने वर्गात हे सांगितलं तेव्हा रूपाली तिथेच बसली होती. वहिनी तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बोट बघून नाही म्हणणाऱ्यांच्या घरी सबंध हात गेला असता तुझा. पेढे आण." पुन्हा सगळ्या हसल्या. वाक्य चांगलं होतं, त्यात वाद नाही. घरी जाऊन मी ते बायकोलाही सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्या मुलीने काय केलं मग?" मी आठवून पाहिलं. रूपालीने बोटं ओढणीखाली घेतली होती.

पुढचे काही महिने ती येत राहिली. टोपणाला हात लावत नव्हती. वहिनींनी एकदा तिला सगळ्यांसमोर "बरं" म्हटलं होतं. हे प्रशस्तिपत्र त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळालं नव्हतं.

मग एका वर्गाला ती आलीच नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला वहिनींनी विचारलं, "तुझी मैत्रीण कुठाय?"

"तिला कावीळ झालीय, मॅडम."

वहिनींची हातातली लाल बादली खाली ठेवायची राहिली. "सुई टोचली होती तिला?"

मी पेशंटच्या खुर्चीत होतो, तिथून सगळ्या मुलींचे चेहरे दिसत. एकही आश्चर्यचकित नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं. आठवडेच्या आठवडे ठाऊक होतं. सबंध खोलीत ठाऊक नव्हतं ते फक्त एका बाईंना, ज्यांच्याकडे ते पहिल्या तासात पोचायला हवं होतं.

त्या दिवशी वर्ग तिथेच सुटला. वहिनी जिना उतरल्या, स्कूटरवर बसल्या आणि म्हणाल्या, "खडकी." एवढ्या लांब मी बादल्या पुढ्यात घेऊन कधी गेलो नव्हतो. रस्त्यात दोघांनी मला कट मारला, तेही वहिनींच्या शिव्या न खाता सुटले.

क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खाटेवर रूपाली पडून होती. डोळे हळदीचे. उशाशी एक ताट आणि पेला होता, दोन्हींवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. घरच्यांच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून मामीने केलेली खूण. ते पाहून वहिनींनी मामीला नीट, एकही टोमणा न मारता समजावलं, की ही कावीळ रक्तातून होते, ताटातून होत नाही. मामी "हो का, हो का" करत ऐकत होती. मग तिने आम्हाला कपबशांतून चहा दिला आणि रूपालीला ठिपक्याच्या पेल्यातून.

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. "कशी टोचली?"

रूपाली उठायला लागली. आधी मला कळेना, की का. मग लक्षात आलं. पराक्रम सांगायला उभं राहावं लागतं, म्हणून.

"बस गं," वहिनी म्हणाल्या. "बस. बसून सांग."

संध्याकाळची गर्दी होती. कटर दोन दिवस अडकून बसला होता. डॉक्टर म्हणाले होते, बघू. एका माणसाला इंजेक्शन दिलं, तो आधीच पिवळटलेला दिसत होता. शेजारच्या बाकावर एक लहान पोर खेळत होतं आणि त्याचा हात ट्रेपर्यंत पोचत होता. उघडी सुई ट्रेमध्ये कशी ठेवायची? म्हणून तिने टोपण उचललं आणि नेम चुकला. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून, दुसरा हात न लावता, एकाच हाताने सुई त्यात सरकवायची रीत असते. ती वहिनींना येत होती. त्यांनी ती मुद्दाम शिकवली नव्हती. एक पळवाट दाखवली की सगळ्या तिथूनच पळतील, असं त्यांचं मत होतं.

"आणि सांगितलं का नाहीस?" वहिनींचा आवाज चढला. चढायची सवय होती त्याला. "त्याच दिवशी सांगितलं असतंस तर लस होती, तिच्या जोडीचं इंजेक्शन होतं. हे सगळं टळलं असतं! कुणालाच कसं नाही सांगितलंस?"

रूपालीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या हळदी डोळ्यांनी पाहिलेलं मी विसरलेलो नाही. महिनोन्महिने जपलेली पुस्तकी भाषा तिने त्या क्षणी सोडून दिली.

"कोनाले सांगू, मॅडम? तुमाले? सुई तं एकदाच टोचते. तुमी चार जनींत उभं करून रोज टोचता."

खाली कारखान्याचा भोंगा झाला. मामी बशा उचलायला आली. वहिनींना उत्तर सुचलं नाही असा माझ्या माहितीतला हा एकच प्रसंग. आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

डोळ्यांचा पिवळेपणा काही आठवड्यांनी उतरला. पण ते दुखणं रक्तातून गेलं नाही. काहींचं जातं, तिचं राहिलं. आता जन्मभर तपासण्या. दवाखान्याने तिला "आराम कर, घाई करू नको" असं फार प्रेमाने सांगितलं आणि आराम करून ती परत गेली तेव्हा तिच्या जागेवर दुसरी मुलगी होती. लग्नाचं तर मामीने नावच काढलं नाही. त्या दवाखान्यात जाऊन वहिनींनी डॉक्टरांना जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याने मशीन बंद करून ऐकलं. पण त्या सुनावण्याने रूपालीला नोकरी परत मिळाली नाही. पुढे तिची तिनेच दुसरीकडे मिळवली. वहिनींनी तिला कितीदा तरी फोन केला. तिने कधी उचलला नाही.

पुढच्या वर्गाला वहिनी आल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताचं बोट जांभळं होतं. चुकून लागलेलं नव्हे, मुळापासून टोकापर्यंत, कापसाने फिरवून फिरवून नीट रंगवलेलं. टोपणांना रंग नव्हता.

"हे बोट बघा," त्या म्हणाल्या. "आपल्यातल्या एकीला सुई टोचली आणि ती मला सांगायला भ्याली. म्हणून आज ती जन्माची आजारी आहे. हा पराक्रम माझा. आज मी उभी आहे." आणि खरोखरच त्या सबंध वेळ उभ्या राहिल्या. गुडघ्यांचं दुखणं असून. मग त्यांनी ती एका हाताने टोपण चढवायची रीत शिकवली आणि शेवटी फळ्यावर स्वतःचा फोन नंबर लिहिला. "टोचली, की साबणाने हात धुवायचा आणि मला फोन. रात्र असो, सण असो. मी शिव्या देणार, ते माझ्या हातात नाही. पण आधी लस, मग शिव्या. क्रम बदलणार नाही."

क्रम खरंच बदलला नाही. आमच्या घरी गणपतीची आरती चालू असताना त्यांचा फोन वाजायचा. टाळ खाली ठेवून त्या गॅलरीत जायच्या. "कधी? कुणाची सुई? धुतलास हात? बोट पिळत बसू नकोस, धू नुसतं. रिक्षा कर आणि नीघ, मी तिथे सांगून ठेवते." मग आत येऊन उरलेली आरती म्हणायच्या. तासाभराने पुन्हा फोन यायचा, लस घेतली म्हणून. तेव्हा मात्र त्या गॅलरीचं दार लावून घ्यायच्या आणि आत आमची मुलं कान देऊन नवे शब्द शिकायची. त्यांची जीभ सुधारली, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. सुधारली नाही. फक्त तिची पाळी दुसरी आली.

ते बोट त्यांनी पुन्हा स्वच्छ होऊ दिलं नाही. रंग उतरायला लागला, की आंघोळीनंतर आरशासमोर बसून, आधी कपाळाची टिकली आणि मग बोट. लग्नाकार्यात लोक विचारत, "अगं बाई, हे काय?" "चूक आहे," त्या सांगत आणि पुढची जिलबी वाढत. नातेवाइकांत मग नाना तर्क निघाले. एका आतेबहिणीने तर तो कोड लपवायचा प्रकार आहे असं जाहीर केलं. दिवाळीला त्या बोटाने वळलेले लाडू आमच्याकडे काही पाहुणे नको म्हणायचे. मी चार-चार खायचो. शौर्य म्हणून नव्हे. लाडू चांगले असत. एकदा मी म्हणालो, "वहिनी, पुरे की आता. किती दिवस रंगवणार?" त्या म्हणाल्या, "तिचं गेलं का रक्तातून?" मी म्हणालो, "नाही." "मग?"

गेल्या माघात त्या गेल्या. सकाळी चहा घेता घेता, एका बाजूला कलल्या आणि संपलं. मी धरायला गेलो आणि सवयीने मलाच घेरी आली. आम्हा दोघांना एकाच वेळी आडवं केलेलं पाहून शेजारच्या काकूंचा क्षणभर घोटाळा झाला.

दिवाणखान्यात त्यांना ठेवलं होतं. बायकांनी अंघोळ घातली, साडी नेसवली, आणि मग सगळ्यांचं लक्ष त्या बोटाकडे गेलं. आत्याबाई म्हणाल्या, "असं डागाळलेलं बोट घेऊन कसं पाठवायचं?" लिंबू झालं, सोडा झाला, माझ्या बायकोने हळद लावून पाहिली. काही होईना. आत्या इतक्या जोराने घासत होत्या की वहिनी आता उठून त्यांना काहीतरी बोलतील, असं मला वाटत होतं. त्या उठल्या नाहीत. तेव्हा कुठे मला त्या गेल्याचं पटलं.

दारात नर्सा जमल्या होत्या. व्हॉट्सअॅपवर कळलं असणार. कुणी ड्यूटीवरून आलेल्या, कुणी ड्यूटीला जाणाऱ्या. त्यांच्यातून एक पुढे आली. जरा वाळलेली, पण युनिफॉर्मची घडी मोडलेली नाही. दाराबाहेर चपला जोडीने लावलेल्या दिसल्या आणि मग मी तिला ओळखलं.

रूपाली आत्यांना म्हणाली, "तुम्ही सरका जरा." पर्समधून तिने हातमोजे काढले, स्पिरिटची छोटी बाटली काढली, कापूस काढला. वहिनींचा डावा हात मांडीवर घेतला आणि बोट पुसायला लागली. घासत नव्हती. टोकाकडून मुळाकडे, बोळा फिरवत, लहान मुलाचं बोट पुसावं तसं. कापूस जांभळा होत गेला. बोटाचा गडद रंग उतरला, फिकट झाला, मग जाईच्या कळीसारखा जांभळट राहिला. तिथे थांबला. ती आणखी थोडा वेळ पुसत राहिली. मग तिने माझ्याकडे वर पाहिलं.

"इतकंच निघते, काका."

"असू दे," मी म्हणालो.

तिने त्यांना माफ केलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. वहिनींचा हात तिने पुन्हा त्यांच्या छातीवर नीट ठेवला. जांभळा बोळा मुठीत धरून हातमोजा उलटा करत काढला, म्हणजे बोळा आतल्या आत राहिला, आणि ती पुरचुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवली. आमच्या घरी पिवळी बादली नव्हती, तिच्या दवाखान्यात होती.

मग तिने आणखी एक बोळा काढला, आमच्याकडे पाठ केली आणि डोळे पुसले. बराच वेळ पुसत होती. तो बोळा टाकायला कुठे जावं, असा प्रश्न तिला पडला नाही. कुणाला न विचारता ती आमच्या स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालच्या साध्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, त्यात तो टाकला, आणि झाकण लावलं.